धुळाजीचं इंजिन आणि जावयाचं पुरण

हरभऱ्याची डाळ निम्मीच शिजली होती. शेगडीची निळी ज्योत थरथरली, पिवळी पडली आणि विझली. जयवंताबाईनं कॉक फिरवला, काडी ओढली, दुसरी ओढली. तेवढ्यात परसातून आवाज आला, फट्, फट्, फटफटफटफट, आणि तिला सगळं कळलं.

आज घरी धोंड्याचं जेवण होतं. तीन वर्षांनी एकदा हा अधिक महिना येतो. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांच्या ताटात दिवा लावून वाण द्यायचं. लेक रेणुका आणि जावई सुग्रीव आष्टीहून निघालेसुद्धा होते. सिलिंडर संपलेला, त्याची गाडी परवा येणार. सगळी मदार गोबरगॅसवर.

परसात नवरा, धुळाजी, उकिडवा बसून हसत होता. भंगारातलं मोपेडचं इंजिन, गॅसच्या फुग्यापासून त्याच्यापर्यंत आणलेली नळी, आणि इंजिनाचा पट्टा कडबाकुट्टीच्या यंत्राला.

"पेट्रोलचा थेंब न्हाई! नुस्त्या शेणावर चालून राह्यलंय!"

"बंद करा ते! माझी डाळ विझली!"

"डाळ न्हाई विझत, शेगडी विझती," धुळाजी म्हणाला. शास्त्रातली चूक तो खपवून घेत नसे.

"कशापायी चालवून राह्यलात?"

"कुट्टी कापायला."

"कुट्टी कुणाला?"

"म्हशीला. म्हैस खाईल, शेण टाकील, शेणाचा गॅस, गॅसवर इंजिन, इंजिनावर कुट्टी..."

"आन् मान्सानं काय खायचं? कुट्टी?"

धुळाजीनं इंजिन बंद केलं. फुग्याची पार चपाती झाली होती. "चुलीवर ठेव की डाळ," तो हळूच म्हणाला.

"कोणत्या चुलीवर? तिच्याच इटा काढून त्याच्यावर इंजिन बसवलंय तुम्ही!"

धुळाजीकडं यावरही उपाय होता. देवळात काल भंडारा झाला होता. तिथली आंबलेली कढी आणि उरलेला भात फेकायचाच होता. धुळाजीनं दोन बादल्या भरून आणल्या आणि सगळं गोबरगॅसच्या टाकीत ओतलं.

"शेण म्हंजी म्हशीनं आधीच सत्त्व काढून घेतलेलं. ह्यात सगळं सत्त्व जागच्या जागी. घंटाभरात फुगा टम्म."

घंटाभरात फुगा टम्म झाला, हे खरं. जयवंताबाईनं काडी लावली. शेगडी फुस्स करून ती काडीच विझवायची. सात काड्या गेल्या. पेटलं काही नाही, वास मात्र सुटला. असा, की गोठ्यातल्या म्हशीनंही तोंड फिरवलं.

"अवो, तुमच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली ना?"

"राखली की."

"मेंढराला एकदम पोटभर ज्वारी चारली तर काय व्हतं?"

"पोट फुगतं. मंग ते..." धुळाजी थांबला. त्यानं टम्म फुगलेल्या फुग्याकडं पाहिलं. "आयला."

नेमक्या त्याच वेळी दारात मोटरसायकल थांबली. सुग्रीव नाकाला रुमाल लावूनच उतरला.

"मामी, काही मेलंय का?"

"अजून न्हाई," नवऱ्याकडं बघत जयवंताबाई म्हणाली. "या जावईबापू, बसा."

रेणुका माहेरात पाऊल टाकताच मिरवायला लागली. "माय, आमच्याकडं बी गोबरगॅस बसवला. काय निळी ज्योत हाय गं! सैपाक कसा जल्दी व्हतो!" जयवंताबाईनं तिच्या हातात कणकेची परात दिली, स्वतः डाळीचं पातेलं उचललं आणि पदर सावरत शेजारच्या पुष्पाबाईचं दार वाजवलं.

"या की," पुष्पाबाई म्हणाली. "आमचं आपलं साधं सिलिंडर. तुमच्यासारखं कारखान्याचं काम न्हाई इथं." जयवंताबाईनं हे ऐकलं, गिळलं आणि पुरण घोटलं. धोंडे तळताना परसातून पुन्हा फटफट ऐकू आली. जावयाच्या मोटरसायकलमधलं पेट्रोल काढून इंजिन चाललं होतं. मधूनच सासऱ्या-जावयाच्या हसण्याचा आवाज येत होता.

दुपारचे तीन वाजले तेव्हा पाट मांडला. सुग्रीवच्या कोपरापर्यंत काळं ऑइल. त्याला तिनं दोनदा हात धुवायला लावले. ताट पुढं केलं. अनारसे, दिवा, जालन्याहून आणलेलं पँट-शर्टाचं कापड. घाम, लाज, पुष्पाबाईचे टोमणे, सगळं ह्या एका ताटासाठी होतं.

सुग्रीवनं अनारसे घेतले. कापड मात्र बाजूला सारलं.

"मामी, कपड्याचा खर्चा कशाला केला? द्यायचंच तर ते इंजिन द्या."

धुळाजीच्या हातातला घास हातातच राहिला. "ते? त्याच्यावर माझे चार महिने..."

"धोंड्यात जावयानं मागितलं आन् न्हाई म्हणायचं?" जयवंताबाईचा आवाज एकाएकी मधासारखा झाला. "बिलकुल न्हाई! न्या, बापू. नळी बी न्या. पट्टा बी न्या. ऱ्हायलेलं आठवलं तर मी पाठवून देते."

जीपवाल्याला बोलावणं तिनंच धाडलं. इंजिनाला हळदीकुंकू लावलं, सुतळीनं स्वतः करकचून बांधलं. रेणुका जीपजवळ आली. तिचा चेहरा आता टम्म होता.

"माय, खरं सांग. हे जावयाला वाण दिलं का मला सासुरवास?"

"तुझी ज्योत निळी हाय ना? बघत ऱ्हा तिच्याकडं," जयवंताबाई म्हणाली, आणि जरा वाईट वाटून तिनं लेकीच्या पिशवीत धोंड्यांचा डबा कोंबला. "सिलिंडर भरून ठेवत जा, बाई. कायम."

पुढं जीप, मागं मोटरसायकल, दोन्ही वळणाआड गेल्या. धुळाजी उंबऱ्यावर बसला होता, मान खाली. चार महिने माणूस जेवण विसरून त्या लोखंडाशी बोलत होता. जयवंताबाई त्याच्याशेजारी टेकली.

"जाऊ द्या. आपल्या लेकीच्याच घरी गेलंय."

"त्याचं दुःख न्हाई गं." धुळाजीनं मान वर केली. डोळे लखलखत होते. "ते तसं बी लहानच पडत व्हतं."