प्रयोग फक्त घरच्यांसाठी

शनिवारी सकाळी साडेनऊला वेंडेल बॅबकॉक घरातला सोफा एकटाच ढकलत ओसरीवर नेत होता आणि त्याची बायको कोरीन दारात उभी राहून दात घासायचे ब्रश मोजत होती. तेरा झाले. चौदावा कुणीतरी विसरलं होतं.

"एवढे ब्रश कशाला?" वेंडेलनं धापा टाकत विचारलं.

"मुलं आज आपल्या घरची आहेत म्हणून."

"चौदाही?"

"लुएला म्हणते, सकाळी ब्रश ठेवला आणि नाश्ता केला, की घरचं."

"आणि त्यांचे आईबाप?"

"ते रस्त्यावर उभे राहून बघतील."

वेंडेल दुधाचा टँकर चालवायचा. आठवड्यातून शनिवार तेवढा त्याचा. तो सोफ्याच्या हातावर टेकला. "कोरीन, दोन वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, शाळेत फार नियम आहेत, आपण पोरीला घरीच शिकवू."

कोरीननं ब्रश पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

ती तसं म्हणाली होती, हे खरं. त्यांची हॅटी अकरा वर्षांची होती आणि बोलताना अडखळायची. शाळेत ती वाक्य सुरू करायची, बाई घड्याळाकडे बघायच्या, आणि मागच्या बाकावरचं कुणीतरी ते वाक्य भलतंच काहीतरी जोडून पुरं करायचं. वर्ग हसायचा. वर्षाअखेरच्या नाटकात तिला पडदा ओढायचं काम मिळायचं. सलग तिसऱ्या वर्षी पडदा मिळाला तेव्हा कोरीन ताडताड शाळेत गेली, मुख्याध्यापकांना चार शब्द सुनावून आली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं शाळा मांडली.

गणित तिला येत होतं. इतिहास पुस्तकात होता. पण पेनसिल्व्हेनियात घरी शिकवायचं म्हणजे वर्षभराच्या कामाची फाईल परीक्षक बाईंना दाखवावी लागते, आणि त्या फाईलमध्ये संगीत आणि कलाही लागते. हे दोन विषय कोरीनला मुळीच येत नव्हते. म्हणून ती इंटरनेटवर फुकटचे धडे शोधायला बसली.

फुकट खूप होतं. एका ठिकाणी बॅले शिकवणारा तरुण पहिल्या दहा मिनिटांत नुसते स्वतःचे पाय कौतुकानं दाखवत राहिला. दुसऱ्या ठिकाणी कळसूत्री बाहुल्या करायला चाळीस मोजे मागितले. तिसऱ्या ठिकाणी तिनं आपला पत्ता भरला, तेव्हापासून तिला रोज सकाळी 'प्रिय कलाप्रेमी माते' म्हणून पत्र यायला लागलं. मग एकदा हॅटीलाच मिसेस क्राउझ सापडल्या.

अडेलिया क्राउझ म्हणजे शाळेत पस्तीस वर्षं नाटक शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं त्यांचे धडे त्यांच्याच स्वयंपाकघरात चित्रित करून ठेवले होते. उजेड वाईट, मागे चुलीवर काहीतरी उकळतंय, आणि पुढे जाड भिंगांचा चष्मा लावलेली म्हातारी. "आधी श्वास," त्या म्हणायच्या. "शब्द येतील मागून. घाई शब्दांना नसते, ऐकणाऱ्याला असते. त्याला बसू दे तिष्ठत."

हॅटीनं एकतीसच्या एकतीस धडे पाहिले. काही दोनदा. त्याच पानावर मिसेस क्राउझनी लिहिलेलं एक नाटकही होतं, सगळं फुकट. पूर येतो, पाणचक्कीवाल्याची मुलगी एकटी गावाला जागं करते, अशी गोष्ट. हॅटीनं मुलीचं पूर्ण काम पाठ केलं. भांडी पुसताना ती ते म्हणायची आणि दोनच ठिकाणी अडायची.

इथवर सगळं चांगलं होतं. कोरीनची चूक एवढीच, की तिनं हे मंडळात सांगितलं.

मंडळ म्हणजे घरी शिकवणाऱ्या नऊ कुटुंबांचा गट. दर बुधवारी चर्चच्या तळघरात जमायचा. प्रमुख लुएला स्टॅमी. लुएलाचा नवरा वकिलाच्या कचेरीत कारकून होता, त्यामुळे कायदा आपल्या घरात मुक्कामाला आहे अशी तिची समजूत होती.

"वा! फुकट आहे ना? मग आपण सगळे मिळून बसवू," लुएला म्हणाली. "पाणचक्कीवाल्याची मुलगी आमची ब्रिअन करेल."

"हॅटीचं ते सगळं पाठ आहे," कोरीन म्हणाली.

"अगं, मला का आवडणार नाही? पण पूर येतोय आणि मुलगी अडखळतेय. गाव बुडेल की तोवर!"

सगळ्या आया हसल्या. वाईट असं कुणीच हसलं नाही, आणि त्याचाच त्रास जास्त. कोरीनच्या तोंडाशी चार शब्द आले होते. मुख्याध्यापकांना तिनं सुनावले होते तेच. पण मुख्याध्यापकांना पुन्हा भेटायचं नव्हतं. लुएलाला दर बुधवारी भेटायचं होतं. "हॅटीला निळा रंग आवडतो," ती हसून म्हणाली. हॅटी नदी झाली. निळ्या चादरीचं एक टोक धरून हलवायचं. संवाद नाहीत.

तालमी सुरू झाल्या. प्रयोगाला सहा दिवस उरले असताना लुएलाचा फोन आला.

"कोरीन, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलंस का?"

"नाही."

"मला वाटलंच. 'घरी शिकणाऱ्या मुलांसाठी विनामूल्य. प्रयोग फक्त घरात, घरच्यांसमोर करावा.' चर्चचं तळघर हे घर आहे का?"

"देवाचं घर आहे," कोरीन म्हणाली.

"कोर्टात असं बोलून बघ."

कोरीननं त्याच रात्री मिसेस क्राउझना ईमेल पाठवून, घरचा पत्ता आणि प्रयोगाची वेळ देऊन, परवानगी मागितली. उत्तर आलं नाही. नाटक रद्द करावं म्हटलं तर चौदा मुलांच्या फाइलींमध्ये कलेचा कप्पा रिकामा राहणार, आणि आजी-आजोबांना निमंत्रणं गेलेली. शेवटी लुएलानंच तोडगा काढला. प्रयोग घरातच करायचा. कुणाच्या? ज्यानं हे नाटक आणलं त्याच्या. घरच्यांनीच करायचा, म्हणून ब्रश. घरच्यांनीच बघायचा, म्हणून कायद्यानं प्रेक्षक दोन: कोरीन आणि वेंडेल. बाकीचे रस्त्यावरून जाताना सहज थांबले आणि बैठकीच्या मोठ्या खिडकीतून त्यांना काही दिसलं, तर तो काही मंडळाचा दोष नाही.

"आणि ऐकू कसं येणार?" कोरीननं विचारलं होतं.

लुएलानं यावर दोन दिवस विचार केला. "खिडकी चार बोटं उघडी ठेव," ती म्हणाली. "चार बोटं म्हणजे हवेसाठी झाली."

तर असा तो शनिवार. एप्रिल असून हवेत गारठा होता आणि अकरा वाजता बारीक गारा पडायला लागल्या. रस्त्यावर पंचेचाळीस माणसं घोंगड्या पांघरून सहज थांबली होती. लुएला हातात यादी घेऊन ओसरीवर, वेंडेलच्या सोफ्याला टेकून उभी. आत चौदा मुलं, एक पुठ्ठ्याची पाणचक्की आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेला वेंडेल. तो एकटाच कायदेशीर प्रेक्षक, कारण कोरीन पडद्याआडून संवाद सांगत होती. पहिला प्रवेश संपायच्या आत कायदेशीर प्रेक्षक घोरायला लागला.

ब्रिअनला संवाद येत नव्हते. तिला पहिला शब्द सांगितला की ती तो म्हणायची आणि दुसऱ्याची वाट बघायची. कोरीननं अख्खी पाणचक्कीवाल्याची मुलगी शब्दाशब्दानं तिच्या तोंडात घातली. खिडकीपाशी हॅटी आपलं टोक हलवत होती, आणि कोरीनला दिसत होतं की तिचे ओठ प्रत्येक वाक्य ब्रिअनच्या आधी, न अडता, बिनआवाजी म्हणताहेत. कोरीननं मान फिरवून पुस्तकात घातली.

पूर येण्याच्या जरा आधी खिडकीच्या त्या चार बोटांतून ओसरीवरचं बोलणं आत आलं.

"मला जरा आत येऊ द्याल का? मला कमी ऐकू येतं. रस्त्यावरून काहीच कळत नाही." आवाज म्हाताऱ्या बाईचा होता.

"या घरात राहता तुम्ही?" लुएला.

"नाही, पण मी—"

"मग माफ करा. प्रयोग फक्त घरच्यांसाठी आहे. नियम आहे."

"नियम ठाऊक आहे हो मला. तो नियम मीच तर—"

"ठाऊक असून आलात? कमाल आहे. लिहिणाऱ्यानं काही विचार करून लिहिलं असेल ना? आपण नाही पाळायचं तर कोणी?"

मग ती बाई म्हणाली, "बरोबर आहे. लिहिताना तिला वाटलं असेल तसं."

पाणी थांबलं होतं. निळी चादर हातातून सोडून हॅटी खिडकीला नाक लावून उभी होती. ती वळली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"आई, त्या... त्या बा... बा..."

"नंतर, बाळा," कोरीन कुजबुजली. "पूर आलाय. पाणी हलव."

"त्या म... म..."

"हॅटी! पाणी हलव!"

हॅटीनं आईकडे पाहिलं. मग खाली वाकून चादरीचं टोक उचललं आणि पाणी हलवलं.

गाव वाचलं. रस्त्यावरच्या लोकांनी हातमोज्यांसकट टाळ्या वाजवल्या. उशा बडवल्यासारखा आवाज झाला. वेंडेल दचकून जागा झाला आणि त्यानं सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले. ब्रिअनला फुलं मिळाली. लुएलानं कोरीनला मिठी मारली. "एकही नियम मोडला नाही आपण," ती ओल्या डोळ्यांनी म्हणाली. "एक म्हातारी घुसत होती. मी नाही सोडलं."

दोन वाजता घर रिकामं झालं. विसरलेले ब्रश गोळा करून झाल्यावर कोरीननं दिवसात पहिल्यांदा फोन हातात घेतला. पत्र सकाळी साडेआठला आलेलं होतं.

'प्रिय कोरीन, मी पत्रपेटी शनिवारीच उघडते, म्हणून उशीर झाला. अवश्य करा, चर्चमध्ये करा, मैदानात करा. एका शाळेनं माझं नाव गाळून प्रयोग केला होता, त्या रागात तो नियम मी लिहिला. काढायचा राहून गेला. नऊ वर्षांत विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तुमचं गाव माझ्यापासून बारा मैलांवर आहे. हे नाटक दुसऱ्यांनी केलेलं मी कधी पाहिलं नाही. मीच येते. अ. क्राउझ.'

कोरीननं ते दोनदा वाचलं. मागे हॅटी उभी होती.

"त्या मि... मिसेस क्राउझ होत्या," हॅटी म्हणाली. सकाळी सुरू केलेलं वाक्य तिनं आता पुरं केलं.

वेंडेलनं गाडीची किल्ली काढून कोरीनच्या हातात दिली.

पत्राच्या तळाशी पत्ता होता. दोघी बारा मैल गाडीनं गेल्या. मिसेस क्राउझनी दार उघडलं तेव्हा त्यांचा कोट खुर्चीवर वाळत होता आणि चुलीवर काहीतरी उकळत होतं. घर हॅटीला पाठ होतं. ती सरळ आत गेली.

"मी काय बोलू कळत नाही," कोरीन बोलू लागली. "मी पत्र आत्ता पाहिलं. लुएलाला ठाऊक नव्हतं, आणि आत गडबड इतकी—"

"त्या बाईंचं काही चुकलं नाही," मिसेस क्राउझ म्हणाल्या. "माझ्या लिहिण्याला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. मला घराबाहेर ठेवण्याइतका." त्या हसल्या, पण चष्म्याआड ते हसू काही पोचलं नाही. मग त्यांनी खुर्ची हॅटीसमोर ओढली आणि तिच्यापुढे बसल्या. "तू सांग. मला तर काही दिसलं नाही, पुढे एका गृहस्थांची टोपी होती. नाटक कसं झालं?"

हॅटीनं श्वास घेतला. "छ..." ती म्हणाली. "छ... छ..."

"छान झालं!" कोरीन म्हणाली. "फारच छान झालं. सगळ्यांना आवडलं."

मिसेस क्राउझनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या हॅटीकडे बघत तशाच बसून राहिल्या. चुलीवरचं उतू जायला आलं, तरी त्या उठल्या नाहीत.

"छळ झाला," हॅटी म्हणाली.

"असं?" मिसेस क्राउझ म्हणाल्या. "कुणी केला?"

हॅटीनं पुन्हा श्वास घेतला, शिकवला होता तसा.

"आ..." ती म्हणाली. "आ... आ..."

कोरीनला शब्द ठाऊक होता. ती दारात उभी राहून तो पुरा होण्याची वाट बघत राहिली.