व्याधी पुनःस्थापनेचा अर्ज

मला मधुमेह आहे की नाही, हे माझं शरीर ठरवत नाही. ते काम कर्मचारी आरोग्य कक्षाकडे आहे. अकरा वर्षं कक्षाचं मत होतं की आहे. त्यानुसार दर तीन महिन्यांनी मी रक्त द्यायचो, पिवळं कार्ड खिडकीत सरकवायचो आणि नव्वद दिवसांच्या गोळ्या घेऊन यायचो. एक नाश्त्याबरोबर, एक जेवणाबरोबर. मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतो. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेवर माझं पोट आहे. रेघ काढायला डोळे लागतात आणि डोळे टिकवायला त्या गोळ्या लागतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

गेल्या तपासणीत माझी साखरेची तीन महिन्यांची सरासरी साडेसहाच्या खाली आली. एवढी खाली ती कधीच नव्हती. बायकोने तो कागद शेजारीपाजारी फिरवून आणला. मी इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीवर गेलो. इथेच चुकलो. आनंद झाला की माणसाने गुमान घरी बसावं, कार्यालयात नेऊन दाखवू नये.

खिडकीतल्या मॅडमनी रिपोर्ट पाहिला, उभं राहून माझं अभिनंदन केलं आणि पिवळं कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. मग मला एक जाड कागद दिला. वर सोनेरी अक्षरांत ‘व्याधिमुक्ती प्रमाणपत्र’.

“आणि गोळ्या?” मी विचारलं.

“कशासाठी, काका? तुम्हाला काही झालेलंच नाही.”

“अहो मॅडम, गोळी घेतो म्हणून साखर खाली आहे.”

“असं तुमचं म्हणणं. रिपोर्टमध्ये गोळीचा उल्लेख नाही. नव्या परिपत्रकातलं कलम सात: साखर आटोक्यात आल्यास औषध बंद.”

“व्हॉल्व्ह घट्ट आहे म्हणून पाइप गळत नाही. गळत नाही म्हणून तुम्ही व्हॉल्व्ह काढून नेणार का?”

“गळायला लागला की अर्ज करा ना. त्याचा वेगळा नमुना आहे,” मॅडम म्हणाल्या आणि खरंच तो नमुना काढून दिला. ‘व्याधी पुनःस्थापनेचा अर्ज’. सोबत दोनशेच्या वरचे तीन रिपोर्ट, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, सलग.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “मरू दे तो कक्ष. दुकानातून विकत आणा.” दुकानदाराने चिठ्ठी मागितली. चिठ्ठी लिहिणार कक्षाचे डॉक्टर. ते म्हणाले, “निरोगी माणसाला औषध लिहून दिलं तर माझी चौकशी लागेल. तुमची तब्येत उत्तम आहे, माझ्या नोकरीची जरा काळजी करा.” बाहेरच्या डॉक्टरांकडे जावं, तर कलम नऊ: परस्पर उपचार घेणारा कर्मचारी आरोग्य योजनेतून कायमचा बाद. उद्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं तर ते मी कर्कटकाने करायचं काय?

तेव्हा आजारी पडण्याशिवाय इलाज नव्हता. मी गोळीविना राहिलो. पहिला रिपोर्ट आला एकशे चौसष्ट.

“कमी पडतंय, काका,” मॅडम हळहळल्या. “जरा मनावर घ्या.”

मनावर बायकोने घेतलं. जिने अकरा वर्षं साखरेचा डबा माझ्यापासून लपवून ठेवला, तीच आता माझ्या चहात तीन-तीन चमचे साखर घालून समोर उभी राहायची आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत हलायची नाही. एकदा कप ठेवताना “माझ्या हाताने तुम्हाला विष घालायला लावताहेत मेले,” असं म्हणाली आणि पदराने तोंड झाकून रडली. मी चहा प्यायलो.

दुसरा रिपोर्ट दोनशे एकतीस. आम्हाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. तिसरा मात्र एकशे अठ्ठ्याऐंशी! मॅडमनी चष्मा वर केला. “तुम्ही चालता का?”

“कचेरीत चालत येतो.”

“मग कसं व्हायचं? एकीकडे योजनेचा लाभ मागायचा आणि दुसरीकडे व्यायाम करायचा, दोन्ही कसं चालेल? आता पुन्हा पहिल्यापासून.”

पुन्हा पहिल्यापासून. मी चालणं सोडलं. तहानेने घसा कोरडा पडायचा, तांब्यामागून तांबे पाणी प्यायचो आणि दर अर्ध्या तासाला टेबलावरून उठायचो. साहेबांनी ‘जागेवर सापडत नाही’ असा शेरा मारला. मग रेघांना सावल्या पडू लागल्या. एका नकाशात जलवाहिनी एकच होती, मला दोन दिसल्या, मी दोन काढल्या. नकाशा पाच टेबलांवरून फिरला आणि दोन्ही जलवाहिन्या मंजूर झाल्या. ‘दूरदृष्टी’ म्हणून माझं कौतुकही झालं. जवळचं काहीच दिसत नव्हतं, हे खरं.

अखेर दोनशे चौपन्न, दोनशे त्र्याऐंशी, तीनशे सहा. तिन्ही सलग. अर्ज भरताना रकान्यांच्या रेघा मला दिसेनात, म्हणून बायकोने भरला. मी तो घेऊन थेट कक्षाच्या साहेबांच्या खोलीत घुसलो आणि त्यांच्या टेबलावर आपटला.

“घ्या तुमचं सलग! माझे डोळे गेले तर ते कुठल्या कलमात बसतात तेवढं सांगा. आणि हे सात नंबरचं कलम कुठल्या गाढवाच्या डोक्यातून निघालं, तेही सांगा!”

साहेब अजिबात चिडले नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक जाडजूड फाइल पुढे ओढली.

“कलम आमचं नाही हो. आम्ही घरोघरी माणसं पाठवली होती. चार हजार मधुमेही. प्रश्न एकच: साखर आटोक्यात आली की गोळीचं काय करता? साडेतीन हजारांनी सांगितलं, बंद करतो. कुणाला सवय लागण्याची भीती, कुणाला मेहुण्याने सांगितलं, कुणी म्हणे बरं वाटतंय तर कशाला उगाच पोटात औषध. आम्हाला वाटलं, लोक एवीतेवी बंद करतातच, तर शिस्तीत, प्रमाणपत्र देऊन करू. तुमचे अर्ज-रिपोर्ट तरी आहेत. घरी बंद करणारे तर थेट डोळे गेल्यावरच येतात.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही कधी केली होतीत का बंद?”

पहिल्या वर्षी रिपोर्ट बरा आल्यावर चार महिने केली होती. परिपत्रक नव्हतं, कलम नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मी मान खाली घातली. एवढा आरडाओरडा करून आत घुसलेला मी, मला तोंड वर करवेना.

साहेबांनी अर्ज मंजूर केला. गोळ्या मिळाल्या. डोळ्यांचं काय होतं ते पुढच्या महिन्यात कळेल.

तुम्ही मघापासून हसताय, ते ठीक आहे, कक्ष आहेच हसण्यासारखा. फक्त एवढं सांगा, गेल्या खेपेला तुमचा रिपोर्ट चांगला आला, त्यानंतर गोळ्यांचं पाकीट कुठे ठेवलंत?