उर्सुलाबाईंनी डोळे भरून घेतले

"कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही!" असं उर्सुलाबाईंनी आरशातल्या उर्सुलाबाईंना ठणकावून सांगितलं आणि वसईला जाणारी रिक्षा पकडली.

निमित्त होतं निवृत्तीचं. नंदाखाल गावच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून बाईंच्या डोळ्यांखाली दोन खळगे पडले होते. खळगे कसले, पावसात पाणी साचलं असतं! आठ तास झोपून शाळेत गेल्या तरी शिपाई विचारायचा, "बाई, जागरण झालं का?" पंधरा दिवसांवर निरोप समारंभ, आणि त्या दिवशीचा फोटो शाळेच्या हॉलमध्ये कायमचा लागणार. खड्ड्यांसकट भिंतीवर लटकायची बाईंची तयारी नव्हती.

डॉक्टर ॲनिशा ही बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं आठवडाभर आधी सगळं समजावलं होतं. "बाई, शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत. जेलीसारखं औषध सुईनं भरायचं. डोळ्यांखाली थोडं, कानशिलांवर थोडं. फक्त तोवर ॲस्पिरिन घेऊ नका, नाहीतर काळंनिळं होईल."

आता जन्मभर पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडलेल्या बाई! पण त्या शनिवारी सकाळी सुईच्या धास्तीनं त्यांचं डोकं असं ठणकायला लागलं, की डब्यातल्या दोन गोळ्या गिळून त्या मोकळ्या झाल्या. कसल्या गोळ्या ते रिक्षात बसल्यावर आठवलं.

"बाई, काही गोळी वगैरे घेतली नाही ना?" दवाखान्यात ॲनिशानं विचारलं.

"छे!" बाई अशा आवाजात म्हणाल्या, की ॲनिशाला सातवीचा वर्ग आठवला. तिची पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

रविवारी सकाळी उजवा डोळा छान टवटवीत! आणि डावा? पिकलेलं जांभूळ!

बाईंनी काळा चष्मा चढवला आणि यजमानांना, क्लेमेंटना, दारातूनच सांगितलं, "अहो, माझे डोळे आलेत. जवळ येऊ नका. मी चर्चला मिस्सेलाही येत नाही."

क्लेमेंट म्हणजे केळीच्या वाडीत रमणारा साधा माणूस. त्यांनी मुकाट्यानं आपली चटई ओटीवर टाकली. येताजाता बायकोसाठी शहाळं फोडून दाराशी ठेवायचं आणि मागे सरकायचं, असं त्यांचं सुरू झालं.

सोमवारी शेजारच्या इनेझबाय आल्या. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. ओटीवर नवऱ्याचं अंथरूण आणि स्वयंपाकघरात काळा चष्मा, हे पाहून त्या जवळ सरकल्या. नेमका चष्मा घसरला.

"येशू, मारिया! हे काय गं?"

"दार लागलं," बाई म्हणाल्या.

आता मागच्याच महिन्यात मंडळात एक व्याख्यान झालं होतं. बाई माणूस 'दार लागलं' म्हणाली, की दाराच्या मागे कोण होतं ते बघायचं! इनेझबाय तडक निघून गेल्या.

संध्याकाळी पाच बायका आणि फादर ज्युड अंगणात हजर! क्लेमेंट वाडीतून येत होते. हातात केळीचे घड तोडायचा कोयता. तो पाहून फादर इनेझबायच्या मागे झाले.

"क्लेमेंट, आधी कोयता खाली ठेव," फादर तिथूनच म्हणाले. "आम्हाला सगळं कळलंय."

क्लेमेंटचा चेहरा पडला. फादरांचं प्रवचन सुरू झालं की ते चर्चच्या मागच्या दारानं सटकून टपरीवर चहा प्यायचे. तीन वर्षांचं गुपित आज फुटलं तर!

"चूक झाली, फादर. तुमच्यापासून लपवत नाही. दर रविवारी होतं."

"दर रविवारी?" बायका किंचाळल्या.

"आणि सणाला जरा जास्त वेळ."

"सणासुदीला पण! लाज नाही वाटत?" इनेझबाय कडाडल्या. "एकटाच असतोस, की आणखी कोणी?"

"युजीनही असतो की बरोबर."

मागे उभी असलेली युजीनची बायको एलिना मटकन खाली बसली.

"उर्सुलाला हे चालतं?"

"चिडते. पण चालवून घेते बिचारी."

"बस झालं! मी पोलिसांना फोन लावते!"

क्लेमेंट गोंधळले. "चहा प्यायला पोलीस?"

"कसला चहा?"

"प्रवचनाच्या वेळी आम्ही टपरीवर जातो, त्याचंच ना?"

सगळ्यांत जास्त लागलं ते फादरांना.

"मग उर्सुलाचा डोळा कुणी फोडला?" इनेझबाय फोन तसाच धरून होत्या.

"तिचे डोळे आलेत!"

"आम्हाला म्हणाली दार लागलं!"

साती जणांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. बाई त्यामागेच कान लावून उभ्या होत्या. बोलावं तर उद्या गावभर हसं, न बोलावं तर नवरा चौकीत! त्यांनी फटीतून पाहिलं. क्लेमेंट काही न कळून उभे होते, आणि दुसऱ्या हातात बाईंसाठी आणलेलं शहाळं अजून तसंच होतं.

बाई बाहेर आल्या आणि चष्मा काढला.

"सुया टोचून घेतल्या मी. माझ्या हौसेनं. खड्डे भरायला. नको ती गोळी खाल्ली म्हणून काळं झालं. या माणसानं एकतीस वर्षांत माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नाही!"

इनेझबायनी फोन कमरेला खोचला. जवळ येऊन बाईंची हनुवटी वर केली. "दुखलं का गं फार?" आणि जरा थांबून, "उजवा मात्र छान झालाय हं."

क्लेमेंट वाकून वाकून पाहत होते. "पण खड्डे होते कुठे?"



दोन दिवसांनी ॲनिशानं तपासायला बोलावलं. डाग समारंभाआधी जाईल, असं फोनवरच म्हणाली होती. या वेळी क्लेमेंट हट्टानं बरोबर आले. काउंटरवर नवीन मुलगी होती. तिनं बाईंचा डोळा पाहिला. मग क्लेमेंटचे ते राकट, शेतकरी हात पाहिले.

"काका, तुम्ही बाहेर थांबा," ती करड्या आवाजात म्हणाली, आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवून कुजबुजली, "घाबरू नका मॅडम. इथे सगळीकडे कॅमेरे आहेत."