चाळीस पावलांचं मैदान

आमच्या अमीनाआपा भेटेल त्या बाईला एकच प्रश्न विचारायच्या, "तू शेवटची कधी पळालीस ग?"

मग ती बाई बाजाराला निघालेली असो, नाहीतर मयताला. तांड्यावरची सोनीबाई दह्याचं गाडगं घेऊन हिंगोलीच्या बाजारात यायची. तिला आपांनी भर रस्त्यात अडवलं. ती म्हणाली, "म्हैस सुटली व्हती तवा." तेवढ्यावर भागतंय होय! म्हैस पुढं होती का मागं, आधी टाच टेकली का चवडा, दम नाकानं घेतला का तोंडानं, सगळं विचारून झालं. बिचारीचं दही उन्हात आंबलं. माझ्या आईला विचारलं तेव्हा आई आधी लाजली, मग हळूच म्हणाली, "लग्नाच्या आधी, आपा. चिंचा पाडताना राखणदार आला व्हता." मी बघतच राहिले. आपली आई कधी काळी पळत होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. तिकडं जगात मोठी लढाई पेटलेली आणि इकडं आमच्या मुलींच्या शाळेत अमीनाआपा ड्रिल शिकवायच्या. उंच, सडपातळ बाई. काळा बुरखा आणि त्यावर गळ्यात शिट्टी. हैदराबादहून मागवलेलं चित्रांचं एक पुस्तक त्यांच्याजवळ होतं. त्यातली गोरी मडम जशी पळते तसंच आम्ही पळायचं. "कोपर बगलेला! मान सीधी! दात काहून काढून राहिली? शर्यत हाय बेटा, बारसं न्हाई!"

शाळेच्या मागं मोकळी जागा होती, पण तिच्या कडेनंच जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांचा रस्ता. पोरी पळताना गाडीवानांनी बघितल्या तर गावभर बोभाटा. आपांनी त्यावर तोड काढली. दर बुधवारी प्रत्येक पोरीनं घरून एक चादर आणायची. माझे बाबा सुतार, त्यांनी खुंट तासून दिले. खुंटांना दोरी, दोरीवर चादरी, की झाली चारी बाजूंनी कनात उभी. माझ्या आईचं विटलेलं लुगडं, रझियाच्या घरची फुलाफुलांची चादर, कुणाची वाकळ, कुणाचं जाजम. चादरी पुरतील तेवढं मैदान, आणि चादरी पुरायच्या चाळीस पावलांना.

"एकदा जरी पडदा पडला तर खेळ बंद," असं हेडबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे आपा आम्हाला पळायला शिकवायच्या त्याच्या दुप्पट थांबायला शिकवायच्या. छत्तिसाव्या पावलाला पाय आखडायचे. अडतिसाव्याला अंग मागं. चाळिसाव्याला दोन्ही हात पुढं करून चादरीच्या वीतभर अलीकडं उभं राहायचं. "बराबर!" अशी आपांची आरोळी आली की समजायचं, जमलं. आणि खरं सांगते, बढाई नाही मारत, माझ्याइतकं झकास कुणीच थांबत नव्हतं.

पळून झालं की आपा समोर उकिडव्या बसायच्या. "छातीत काय झालं? वारा कुठं लागला? पाय तुझे वाटत व्हते का दुसऱ्याचे?" दर बुधवारी नवं काय सांगणार! एकदा मी वैतागून म्हणाले, "आपा, तुमीच पळून बघा की." त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. मग म्हणाल्या, "चला, चादरींच्या घड्या करा."

तेव्हापासून आम्हाला छंदच लागला. आपा पळत का नाहीत? रझिया म्हणाली, एक पाय लाकडाचा असेल. दुसरी म्हणाली, नवस असेल. मी तर एकदा नळाशी त्या पाय धूत होत्या तेव्हा खाली वाकून नीट बघून आले. दोन्ही पाय धडधाकट, आणि टाचा माझ्या आईपेक्षा मऊ. कोडं काही सुटेना.

त्याच हिवाळ्यात शाळा तपासायला इन्स्पेक्ट्रेसबाई आल्या. कनातीत एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, हा तास वाया चाललाय, पोरींना कशिदा शिकवा, सासरी उपयोगी पडेल. आपा फार हातापाया पडल्या तेव्हा एवढंच ठरलं की परभणीला मुलींच्या शाळांच्या शर्यती आहेत, तिथं हिंगोलीची पोरगी चमकली तर तास राहील. नाहीतर कशिदा.

पोरगी म्हणजे मी. माझी तर पाचावर धारण बसली. आपांचं तर जेवणच सुटलं. आगगाडीत, पूर्णेला गाडी बदलल्यावर, त्यांनी तिळाच्या तेलाची बाटली काढली आणि माझे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागल्या. मी पाय ओढून घेतले. "आपा, पायाला हात नका लावू, मला पाप लागल."

"लागू दे. कशिद्यापेक्षा पाप बरं," आपा म्हणाल्या, आणि चोळतच राहिल्या.

परभणीच्या शाळेचं मैदान बघून माझे डोळे पांढरे झाले. पुरुषांना मज्जाव होता, त्यामुळे कनात नव्हती. चारी अंगांनी भिंत होती, पण कुठंतरी लांब. आपांनी माझा पदर खोचून दिला, कानात काहीतरी पुटपुटल्या. शिट्टी झाली.

मी सुटले! पोरी कधी मागं पडल्या कळलंच नाही. हिंगोली, हिंगोली असा आपांचा आवाज येत होता. आणि मग, काय सांगू तुम्हाला, पाय आखडले. अंग मागं गेलं. दोन्ही हात पुढं झाले, आणि त्या उघड्या मैदानात, समोर चादर नाही की चिंधी नाही, मी चाळिसाव्या पावलाला झकास उभी राहिले.

बाकीच्या पोरी माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून कशिदा." मी हात तसेच पुढं धरून उभी होते. खाली घ्यायचं सुचलंच नाही.

आपा आल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण त्यांनी माझे हात धरून खाली केले आणि बाईंकडं वळून म्हणाल्या, "पोरगी न्हाई हारली, बाईसाब. माझं मैदान हारलं." बाई तोवर टांग्याकडं निघाल्या होत्या.

गाडीला अवकाश होता. सगळ्या शाळा गेल्या, आम्ही दोघी भिंतीच्या सावलीत बसलो. मी रडून रडून थकले. आपा मैदानाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी नऊ वर्षांची व्हते. अंगणात पळत व्हते तर अब्बा म्हणाले, आता बस. तवापासून बसलेच. तुला शिकवलं ते समदं पुस्तकातलं न् सोनीबाईच्या म्हशीचं. चाळीसच्या पुढं काय असतं ते मलाच मालूम नव्हतं, बेटा. तुला कुठून सांगनार?"

असं म्हणून त्या उठल्या. फाटक बंद आहे ना ते बघून आल्या. बुरखा काढून माझ्या मांडीवर ठेवला, त्यावर शिट्टी, शेजारी चपला. आणि पळाल्या.

अहो, किती वाईट पळत होत्या! कोपरं चारी दिशांना, मान वाकडी, दात सगळे बाहेर. वेणी सुटली. ओढणी पडली ती उचललीसुद्धा नाही. मी बसल्या जागी पावलं मोजत होते. चाळीस झाली. एक्केचाळीस झाली. मग मी मोजायचं सोडून उभीच राहिले. पार पलीकडच्या भिंतीला हात लावून त्या वळल्या आणि तशाच पळत माझ्यापर्यंत आल्या. धाप लागलेली, तोंड लालबुंद, गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. त्या क्षणी त्या मला माझ्याहून लहान वाटल्या.

मान वर करून त्यांनी विचारलं, "पैली आले का ग मी?"

"व्हय आपा," मी म्हणाले, "पैल्या."

त्या मैदानावर दुसरं कुणीच पळत नव्हतं. तरी मी खोटं बोलले असं मला आजवर कधी वाटलेलं नाही.