गुरुवारच्या पाण्याचं स्वातंत्र्य

टेक्सास मेक्सिकोत होतं तेव्हा सान आंतोनिओच्या पाटावर ब्लास कादेनाची पाण्याची पाळी गुरुवारी असे, अगदी आजोबांपासून. सकाळी पाणी अडवणारी फळी उचलायची, मका भिजवायचा आणि दिवस मावळला की खालच्या शेतातल्या पेत्राबाईकडे पाणी सोडायचं. हे इतकं सुरळीत चाललं होतं की शेवटी मेक्सिको सरकारच्या डोळ्यांवर आलं. यापुढे पाळ्या राजधानीतून ठरतील, असा हुकूम निघाला. राजधानी काही आठवड्यांच्या वाटेवर, आणि मका काय राजधानीची वाट बघत बसतो होय!

ब्लास पेटला. बंदूक घेऊन सरळ मेक्सिकोविरुद्धच्या क्रांतीत गेला. बायको तोमासा दारातून एवढंच म्हणाली, "अहो, देश मागायचा तर मागा, पण आधी गुरुवार मागून घ्या."

मांडीत गोळी घेऊन तो परतला, तेव्हा टेक्सास स्वतंत्र झालं होतं. पाटाचा नवा अधिकारी हायरम पकेट. हा गृहस्थ नुकताच अमेरिकेतल्या टेनेसीहून आलेला, आणि त्याचं शेत पाटाच्या अगदी तोंडाशी. पाळी ही गुलामगिरीची खूण असल्याने ती रद्द झाली आहे, स्वतंत्र देशात कुणीही केव्हाही पाणी घ्यावं, असं त्याने समजावलं. ब्लासला भरून आलं. स्वातंत्र्य आधी पकेटच्या शेतात शिरलं. ब्लासपर्यंत चिखल पोचला. पेत्राबाईपर्यंत नुसती बातमी.

पुढे काही वर्षं प्रजासत्ताक मोठ्या थाटात चाललं. राष्ट्राध्यक्ष होते, परदेशांत राजदूत होते, आरमारसुद्धा होतं. तिजोरीत मात्र खडखडाट. तेव्हा स्वातंत्र्य परवडत नाही, असं सर्वानुमते ठरलं, आणि अमेरिकेत विलीन व्हायचा ठराव आला. तिथे कायदा आहे, पाळ्या परत लावू, असं पकेटने भरसभेत सांगितलं. ब्लासने दोन्ही हात वर केले. त्या रात्री तोमासाने त्याच्यापुढे घुगऱ्या आदळल्या.

पाळ्या खरंच लागल्या. खुर्ची तीच, पकेट तोच, झेंडा तेवढा नवा. नियम असा की जुन्या नागरिकांना आधी पाणी. पकेट या झेंड्याखालीच जन्मलेला, म्हणजे गावातला सगळ्यात जुना नागरिक तोच. ब्लास पिढ्यान् पिढ्या इथलाच, म्हणून परवापर्यंत परदेशी.

"साहेब, या मातीसाठी मी गोळी खाल्लीय."

"म्हणून तर तुम्हाला गुरुवार देतोय, कादेना. पण पाणी वाढत नाही हो. पेत्राबाईची पाळी काढावी लागेल. चालेल?"

ब्लासने विचार केला. त्याच्याविषयी आपलं मत चांगलं व्हावं, इतका वेळ केला.

"चालेल," तो म्हणाला.

गुरुवारी पेत्राबाई बांधावर आली. तिचा नवरा त्याच क्रांतीत, ब्लासच्या शेजारी पडला होता. मागे तिचा मका करपून उभा होता.

"ब्लास, आपण लढलो कशासाठी रे?"

"पेत्राबाई, देश नवा आहे," फळी उचलत ब्लास म्हणाला. "जरा धीर धरायला हवा."

राग आला ना तुम्हाला ब्लासचा? यायलाच हवा. फक्त आज सकाळी तुमच्या नळाला आलेलं पाणी कुणाच्या पाळीचं होतं, तेवढं बघून या, मग सावकाश रागवा.