आतू प्रॉम्टरचा मधला स्पीकर

आवाज विकत घ्यायला गेलेला माणूस दुकानात शिरल्याबरोबर आवाज कमी करायला सांगतो, असा मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमच्या शेजारचा आतू.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि हा कदेलीवर बसून खांद्यावरचा पंचा डोळ्यांवर बांधतोय. कदेल म्हणजे खुर्ची. आमच्या घरात अजून तोच शब्द आहे. दुकानदाराने मोठ्या हौसेने लढाईचा सिनेमा लावला. विमानं आली, बाँब पडले, कपाटाच्या काचा थरथरल्या.

"हळू कर," आतू म्हणाला.

दुकानदाराने केला.

"आणखी हळू."

"पात्रांव, आणखी हळू म्हणजे बंद."

"बंद नाका. बंदच्या एक घर वयर ठेव. आणि ती विमानां काढ. माझ्या घरात विमान येवचा नाय. बातम्या लाव."

"स्पीकर बघायला बातम्या कोण लावत नाय हो."

"मी लावतंय मां."

बातम्या लागल्या. डोळे बांधलेला आतू मान वाकडी करून ऐकत राहिला आणि म्हणाला, "ह्या बायेक सर्दी झालेली आसा." सर्दी होती की नव्हती देव जाणे. मला तर ती बाई काय बोलते तेच कळलं नाही. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो, म्हणजे लोकांना वाटावं की हा माणूस वेगळा आणि मी वेगळा.

ह्याचं नाव आत्माराम. गावात आतू प्रॉम्टर. आमचा गाव पेडण्यातला. देवीच्या जत्रेला आमच्याकडे गावच्याच लोकांचं नाटक होतं, आणि नाटकाची वही हातात धरून विंगेत उभं राहायचं काम मिसरूड फुटल्यापासून ह्याचं. नटाला ऐकू आलं पाहिजे, पहिल्या रांगेतल्या माणसाला येता कामा नये, असा त्याचा आवाज. तो आवाज पुढे त्याच्या गळ्यातच बसला. घरीदारी, शेतात, बाजारात तो कुजबुजतोच. त्याच्या वायंगणात, उन्हाळी भातशेतात, गाय शिरली तर गाईजवळ जाऊन तिच्या कानात सांगायचा. आमचं बांधावरून भांडण झालं तेव्हाही तसंच. तो काय शिव्या देतो ते ऐकायला मला त्याच्याजवळ जावं लागायचं, आणि एवढ्या जवळ गेल्यावर माणूस काय भांडणार? मी भांडणात कुणाला हार गेलेलो नाही. डिचोलीला खाणीवर ट्रक चालवला, तिथे हॉर्नपेक्षा माझा आवाज मोठा होता. पण ह्याच्याशी भांडण पुरं करता आलं नाही ते नाहीच.

त्याचा एक शब्द ठरलेला. "पडलो." कोणी बोलताना अडखळला, काही गाळलं, की हा म्हणायचा, "शब्द पडलो." लग्नात भटाला म्हणायचा. एकदा एक पुढारी गावात भाषणाला आला आणि गावाचं नाव विसरला. "माझ्या ह्या... ह्या..." करत राहिला. मंडपाच्या खांबाआडून आतूने नाव पुरवलं. पुढाऱ्याने ते घेतलं आणि टाळ्या मिळवल्या. आतू मला म्हणाला, "बघलंस शोफेर? उचलूक बरो येता ताका. नाटकात घेवक जाय होतो." मला तो शोफेरच म्हणतो. ट्रक सुटला तरी नाव सुटलं नाही.

त्याचा स्वतःचा शब्द मात्र एकदा पडला. शेजारच्या हळर्ण गावात नाटक होतं. राजा तलवार उपसून उभा, पुढचं वाक्य येईना. विंगेतून काहीच येत नाही. राजाने तलवार म्यान केली, परत उपसली, परत म्यान केली. लोक हसायला लागले. आतूची वही उघडी होती, पण डोळे पहिल्या रांगेत. तिथे चटईवर हळर्णचीच एक मुलगी बसली होती, राजाचं वाक्य ऐकायला तोंड थोडं उघडं ठेवून. त्याच मे महिन्यात लग्न झालं. तीच शेवंती वहिनी. राजा झालेला माणूस त्या लग्नात जेवला, पण आतूशी बोलला नाही.

लग्नानंतर प्रत्येक नाटकाला वहिनी पहिल्या रांगेत. जत्रेचं खाजं पदरात बांधलेलं, ते खायचंही भान नाही. आतू मला सांगायचा, "नट काय बोलतत ते माका बघूची गरज ना. हिच्या तोंडार दिसता." आता ती नाटकं राहिली नाहीत असं नाही, होतात. पण नटांच्या कॉलराला माईक असतात, वाक्यं पाठ असतात, आणि विंगेत म्हाताऱ्याला कोणी कदेल ठेवत नाही.

साखरेने वहिनीचे डोळे नेले, त्याला झाली काही वर्षं. हळूहळू गेले. पहिल्यांदा सुईत दोरा जाईना, मग तांदळातला खडा दिसेना, मग आम्ही दिसेनासे झालो. ती रडली नाही. घरातलं सगळं हाताने ओळखून करते. पण संध्याकाळी टीव्हीसमोर बसणं तिला नको झालं.

त्यात आतूचा पुतण्या. तो बोटीवर असतो. सुट्टीवर आला तेव्हा हा एवढा मोठा टीव्ही, दोन बाजूंना ठेवायला दोन उंच स्पीकर आणि त्यांचा आवाज वाढवणारी अम्पली घेऊन आला. म्हणाला, काकी, आता घरातच थेटर. वहिनीची कदेल जनेलाकडे, खिडकीजवळ, म्हणजे डाव्या स्पीकराच्या पुढ्यात. तिला सगळा आवाज त्याच एका बाजूने. गाणं आलं की घर दणाणायचं, आणि माणसं बोलायला लागली की गाण्याखाली बुडायची. चार दिवस बसली आणि म्हणाली, "ह्या घरात सगळीं कपाटाच्या मागसून बोलतत. कोण कोणाक बोलता, काय कळना. तुमी बघा. मी आत बरी."

आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसायला लागली. दिवेलागणीला मी जायचो तेव्हा आतू सोप्यावर, वहिनी आत, मध्ये एवढं मोठं थेटर बंद. दोन माणसांच्या घरात एक माणूस आत जाऊन बसला की काय उरतं? आतूने मनात घेतलं की ही बाहेर येऊन बसली पाहिजे. दुसरं काही त्याला नको होतं.

चौकशी करता कळलं की सिनेमातलं बोलणं मधल्या स्पीकरातून यायचं असतं, टीव्हीच्या बरोबर खालून. तो मधलाच पुतण्याने आणला नव्हता. आणि त्याच्या अम्पलीला दोनच स्पीकर लागतात, तिसऱ्याला जागा नाही. म्हणजे अम्पली पण नवी.

त्यासाठी आम्ही म्हापशाला. एकदा नव्हे. पेडण्याहून बस, म्हाताऱ्यांच्या जागेवर आम्ही दोघे, आणि दर खेपेला हा पंचा डोळ्यांवर बांधणार. शेवटी दुकानदाराने दोन उरवले. एक लहान, सडपातळ, टीव्हीखाली गुपचूप बसेल असा. दुसरा लांब, जड, आडवा ठेवला तर एखादं पोर निजलंय असं वाटावं. मोठ्याला अम्पलीही मोठी लागणार.

मी म्हटलं, लहान घे. बंदच्या एक घर वर लावणार तू, तुला राक्षस कशाला?

"शोफेर, रिकामो ट्रक चढ कसो चढता?"

"गुमान चढतो."

"आणि मालान भरलेलो?"

"रडत चढतो."

"ल्हान अम्पली तशी रडता. रडता रडता बोलता, म्हणून शब्द कळना. म्होठी आसली काय हळू बोलली तरी सुटी बोलता."

हे मला पटलं. पण पटलं असं मी म्हणालो नाही. मी म्हटलं, मोठा घेतलास तर तो घरात दिसेल किती वाईट. तो म्हणाला, "कोणाक दिसतलो?"

मी मागे हटत नाही आणि तो ऐकत नाही, तेव्हा निकाल देवीकडे गेला. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला देवीचा कौल लावतात. मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार. गुरव नाराज होता.

"आतू, लग्नाचो कौल लायतत, दुखण्याचो लायतत. स्पीकराचो कोणी लायलो नाय."

"देवीन माझी सगळी नाटकां ऐकल्यानी. तिका नाय कळूचा तर कोणाक कळतला?"

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बाये माते, ह्यो तुझो लेकरू आत्माराम आज तुझ्या पायाकडे आयलो आसा. ताका घरात वाजवूक एक... एक..."

"सेंटर स्पीकर," आतूने पुरवलं.

"...सेंटर स्पीकर घेवचो आसा. म्होठो घेतलो तर तुझी राजी आसा काय, तर उजवी दी."

पाकळ्या हलेनात. आतू हात जोडून उभा, मी हात जोडून उभा, आमच्या मागे एका नवसाचा नारळ घेऊन आलेली बाई उभी. बऱ्याच वेळाने उजवी पडली. मी तेव्हाच सांगितलं आणि आजही सांगतो, वरचा पंखा चालू होता. पण देवळात वाद घालायचा नाही म्हणून सोडून दिलं.

मोठा आणला. बसवताना त्याने मला वहिनीच्या कदेलीवर बसवलं. तिची आणि माझी बसल्यावरची उंची सारखीच, हे त्याने परस्पर ठरवलं होतं. माझ्या कानाला दोरी लावून तिचं दुसरं टोक स्पीकरपर्यंत नेलं, मेजाखाली पाट घातले, काढले, परत घातले. "हलू नाका शोफेर." मी माझ्या बायकोसाठी एवढा वेळ गप्प बसलो नव्हतो. मग कदेल जनेलाकडून उचलून बरोबर मध्ये ठेवली आणि टीव्ही लावला. कुठलीतरी मालिका होती, मुंबईच्या श्रीमंत घरातली. एक बाई हळू आवाजात कोणाला तरी बोलत होती. आतू रिमोट धरून आतल्या दाराकडे बघत राहिला.

आतून वहिनीची हाक आली. "कोण आयला गो? बस, मी येतंय."

तिला वाटलं, घरात बाईमाणूस आलंय. चौकटीला हात लावत ती बाहेर आली आणि बरोबर टीव्हीकडे तोंड करून उभी राहिली. आतूने हात धरून तिला बसवलं. "कोण नाय आयला. मालिका आसा ती."

"मालिका? इतकी लागीं? इतकी जवळ?"

ती उठली नाही. दुसऱ्या दिवशीही बाहेर आली, तिसऱ्या दिवशीही. मग मीही जाऊन बसायला लागलो, मागे, भिंतीकडच्या बाकावर. बोलणं स्पष्ट ऐकू यायचं. पण मध्ये मध्ये मालिकेतली माणसं नुसती बघत राहतात, वाजंत्री वाजते, तेव्हा आतू वहिनीच्या कानाकडे वाकून काही सांगायचा. पडद्यावर काय चाललंय ते सांगत असेल, असं मी धरून चाललो. मागच्या बाकावर ते कळायचं नाही.

एक दिवस बाकाची फळी निघाली होती, म्हणून मी कदेल ओढून त्यांच्या लगत बसलो. पडद्यावर तीच मुंबईची बाई होती. काचेचं टेबल, मागे काचेची भिंत, हातात फोन. तोंड पाडून उभी.

आतू कुजबुजत होता. "ती आता मागल्या दारान भायर आयली. कळशी कमरेर."

"पोफळींत?"

"व्हय. पोफळीची सावळी लांब पडली आसा."

"म्हणजे ऊन उतारला," वहिनी म्हणाली. "न्हंयेकडसून वारो येता आसतलो."

"येता. पदर उडता तिचो."

मी पडद्याकडे नीट बघितलं. चष्मा पुसून बघितलं. पोफळ नव्हती, नदी नव्हती, कळशी तर नव्हतीच. तेवढ्यात ती मुंबईची बाई मधल्या स्पीकरातून एकेक शब्द सुटा बोलली, "मी हे घर सोडून कुठेही जाणार नाही."

"बरोबर आसा तिचा," वहिनी म्हणाली. "हळर्णचा घर. असला घर सोडून कोण जाता?"

तेव्हा मला उमगलं. मुंबईच्या मालिकेत हळर्णच्या पोफळी येत नाहीत, एवढं वहिनीला कळत होतं. आतूला ते ठाऊक होतं. बोलणं मालिकेचं घ्यायचं आणि बाकीचं सगळं तिच्या माहेरचं, असं दोघांचं चाललं होतं, कोण जाणे कधीपासून. त्यासाठी आवाज हळू हवा होता. मालिका मोठ्याने बोलली असती तर ह्याचं कुजबुजणं तिला ऐकू आलं नसतं.

"ती बावींत उतारता," आतू म्हणाला. बाव म्हणजे पायऱ्यांची विहीर.

वहिनी एकदम ताठ बसली. "तिसरी पायरी मोडलेली आसा. शेवाळ आसतला." मग थोडं थांबून तिने तोंड माझ्या बाजूला वळवलं. मी जवळ बसलोय हे तिला माझ्या विडीच्या वासाने कळलं असणार. "भावजी, तुमका दिसता मां? सारकी उतारता ती?"

आतूने माझ्याकडे बघितलं नाही. तो पडद्याकडे बघत होता, पण त्याचे ओठ हलले आणि काहीच बाहेर आलं नाही. मी आयुष्यात ज्याला त्याला तोंडावर खरं सांगत आलो. त्याने माझी माणसं तुटली, खाणीवरची नोकरीही एकदा तुटली. हळर्णला मी गेलोय ते ट्रक घेऊन, रस्त्याने. ती बाव मी कधी पाहिलेली नाही.

"दिसता वहिनी," मी म्हटलं. "तिसरी पायरी सोडून पाय टाकल्यान तिणें. एक हात भिंतीक आसा."

"कळशी?"

"भरली."

वहिनीने मागे टेकून श्वास सोडला. "आता वयर येतली," ती म्हणाली.