लाल पट्टीची फ्लॉपी

शनिवारी दुपारी डबा खाता खाता गुणवंतरावाने ठरवलं, की प्रोग्रामवरचं नाव बदलायचं. बस्स, एवढंच. डबा खाताना माणूस कायकाय ठरवतो आणि हात धुतले की विसरतो. पण गुणवंतराव विसरला नाही, आणि पुढचं सारं रामायण त्यातूनच झालं.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. गुणवंतराव गडचिरोलीच्या धान खरेदी संघात कारकून. त्या वर्षी संघाने दोन कम्प्युटर घेतले, एक गडचिरोलीच्या ऑफिसात, एक वडशाच्या. कम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. (अध्यक्ष तर दारातून नमस्कार करूनच परत फिरत.) शेतकऱ्याचं धान मोजून पावती काढणारा प्रोग्राम दोघांनी मिळून लिहायचा होता. गडचिरोलीला गुणवंतराव आणि वडशाला खुशालराव. आणि हा खुशालराव म्हणजे कोण? गुणवंतरावाच्या बायकोच्या, कमळाबाईच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. सख्खा साडू! जगात इतकी माणसं असताना संघाला नेमका हाच सापडावा!

खुशालराव नागपुरातून कोर्स करून आलेला. गुणवंतराव कम्प्युटरसोबत आलेल्या पुस्तकावरून शिकलेला, तेही मांडीवर डिक्शनरी ठेवून. म्हणजे मेहनत कोणाची जास्त, तुम्हीच सांगा. पण मूल गावी, सासुरवाडीत, पाहुणे आले, की सासरे बापूराव ओळख करून देत, "हे आमचे मोठे जवाई, गडचिरोलीले असतात. अन् हे खुशालराव, कम्प्युटरवाले!" जसा काही गुणवंतराव गडचिरोलीत नुसता असतो, करत काहीच नाही. कमळाबाईही उठताबसता म्हणायची, "खुशालराव किती निवांत बोलतात जी." हे ऐकलं की गुणवंतरावाच्या घशाखाली भाकर उतरत नसे. तो जळत होता. उगाच दुसरा शब्द कशाला शोधायचा?

त्यात प्रोग्राम सुरू केला की पहिल्याच पडद्यावर यायचं, 'खुशाल अँड गुणवंत'. त्या 'अँड'च्या मागे बसून बसून गुणवंतरावाची कंबर धरली होती.

कामाचा नियमही खुशालनेच घातलेला. एका फ्लॉपीला लाल पट्टी चिकटवलेली. त्या फ्लॉपीत असेल तेच खरं. ती ज्याच्या हाती, त्याने लिहायचं, दुसऱ्याने तोवर मशीनला हात लावायचा नाही. लिहून झालं की फ्लॉपी अॅल्युमिनियमच्या डब्यात घालून एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायची. आणि जास्तीच्या कॉप्या कायम तीन, एक इथे, एक तिथे, एक तिसऱ्याच जागी.

"तिसरी कायले?" गुणवंतरावाने विचारलं होतं.

"आग लागली, पाणी शिरलं तं? साडभाऊ, यंत्राचा भरवसा नाई."

गुणवंतराव मनात म्हणाला, तुझा तरी कुठे आहे?

तर त्या शनिवारी लाल फ्लॉपी वडशाला होती, पाळी खुशालची. नियमाने गुणवंतरावाने गप्प बसायला हवं होतं. तो बसला नाही. ऑफिसातली जुनी कॉपी काढली आणि पहिला पडदा नव्याने सजवायला घेतला. चारी बाजूंनी चांदण्यांची झालर, मधोमध मोठ्या अक्षरात 'प्रोग्रामचे एकमेव कर्ते, श्री. गुणवंतराव'. नुसत्या चांदण्या सरळ रेषेत बसवायला चार दिवस गेले. (एक चांदणी शेवटपर्यंत ओळीबाहेरच राहिली.)

शुक्रवारी डबा आला. लाल फ्लॉपीसोबत खुशालची चिठ्ठी होती, 'साडभाऊ, पोत्याच्या वजनातली चूक दुरुस्त केली. एकदा पाहून घ्या.'

चूक! पोत्याच्या वजनाची ओळ गुणवंतरावाने लिहिलेली. नागपूरच्या कोर्सवाला आता त्याच्या चुका काढणार! त्याने काही पाहिलं नाही, वाचलं नाही. आपली चांदण्यांवाली कॉपी काढली आणि सरळ लाल फ्लॉपीवर चढवून दिली. खुशालचं आठवड्याचं काम दोन मिनिटांत पुसलं गेलं. गुणवंतरावाला इतकं बरं वाटलं, की त्याने शिपायालाही चहा पाजला.

सोमवारी वडशाला मोठे साहेब नागपूरहून प्रोग्राम पाहायला येणार होते. ज्याचं काम पसंत पडेल, तो दोन्ही ऑफिसांचा कम्प्युटर इन्चार्ज होणार. गुणवंतराव कमळाबाईला मुद्दाम सोबत घेऊन गेला. बहिणीला भेटणं हे निमित्त. खरं म्हणजे तिने डोळ्यांनी पाहावं, एवढीच त्याची इच्छा.

ऑफिसात पोचला तेव्हा खुशाल साहेबांना आणायला स्टेशनवर गेलेला. खोली रिकामी. गुणवंतरावाने लाल फ्लॉपी वडशाच्या मशीनवर चढवली. ड्रॉवरात खुशालची जास्तीची कॉपी दिसली, तिच्यावरही चढवली. शेवटी सगळीकडे एकसारखं असलेलं बरं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

साहेब आले, खुर्चीत बसले. कमळाबाई आणि तिची धाकटी बहीण वच्छला दाराशी उभ्या. पडद्यावर चांदण्या उमटल्या. खुशालने नाव वाचलं आणि गुणवंतरावाकडे एकदा पाहिलं.

"एकमेव? अरे वा!" साहेब म्हणाले. "घ्या, एखाद्या शेतकऱ्याची पावती काढा."

बाहेर लटारू नावाचा शेतकरी वीस पोती धान घेऊन बसला होता. त्यालाच आत बोलावलं. पोतं पाऊण क्विंटलचं, म्हणजे एकूण पंधरा क्विंटल. त्यातून रिकाम्या पोत्यांचं वजन वजा करायचं, पोत्यामागे एक किलो. गुणवंतरावाने ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला पाच, आणि त्याच्या आधी एक आडवी रेघ.

"ही रेघ कसली?" साहेबांनी विचारलं.

"डिझाईन आहे, साहेब."

"डिझाईन नाही, उणे पाच आहे ते!"

पोत्यामागे एका किलोऐवजी एक क्विंटल वजा झाला होता. खुशालने दुरुस्त केलेली चूक ती हीच. लटारूला कोणीतरी अर्थ सांगितला, तसा तो उसळला.

"काऊन जी? वीस पोते मीच आणले, अन् वरून पाच क्विंटल मीच देऊ? मी धान विकाले आलो का दंड भराले?"

"दुसरी, बरोबर चालणारी कॉपी नाही का?" साहेब तापले. खुशालने ड्रॉवरातली लावून पाहिली. चांदण्या! खुशालने फ्लॉपी काढून उलटसुलट करून पाहिली. गुणवंतराव गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहू लागला.

तेवढ्यात कमळाबाई पुढे आली आणि पिशवीतून साडीच्या घडीत गुंडाळलेली फ्लॉपी काढली.

"हे पाहा बरं. मागच्या बुधवारी मी मायेरी मूलले गेली, तवा खुशालरावांनी माह्याजवळ ठेवाले देली होती."

"अन् मले सांगितलं नाई?" गुणवंतराव पुटपुटला.

"कसं सांगू? त्याहीचं नाव काढलं की तुमी जेवत नाई."

फ्लॉपी लागली. पावती निघाली, चौदा क्विंटल ऐंशी किलो. लटारू म्हणाला, "हाव, आता माणसाचा हिशोब झाला." साहेब खूश झाले आणि म्हणाले, "पहिला पडदा दाखवा."

पडद्यावर चांदण्या नव्हत्या. वरच्या ओळीत 'गुणवंतराव', खालच्या ओळीत 'खुशाल'.

"तुमी मोठे ना, साडभाऊ," खुशाल हळूच म्हणाला. "सासरेबुवाही म्हणत होते, थोरल्या जवायाचं नाव वर पाहिजे."

गुणवंतरावाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण वडशाची धरणीही खुशालच्याच बाजूची निघाली, जागची हलली नाही.

साहेबांनी चष्मा सारखा केला. "म्हणजे ज्यात हे एकटे, तो प्रोग्राम बिघडलेला. ज्यात हे अर्धे, तो चालतो. मग हे नसतील तर किती चांगला चालेल! खुशालराव इन्चार्ज. आणि हे वरचं नाव काढा."

"काढाले कोणाले सांगू, साहेब?" खुशालने अवघडून विचारलं.

"यांनाच. सगळीकडे एकसारखं चढवायचा यांना चांगला हात दिसतो."

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव वडशाच्या मशीनपासून सुरुवात करून ड्रॉवर, लाल पट्टी, गडचिरोली आणि कमळाबाईची साडीतली कॉपी, असा सगळीकडून आपलं नाव पुसत गेला. काम इतकं बिनचूक झालं, की संघाने त्याला पहिल्यांदाच लेखी शाबासकी दिली. कमळाबाईने ते पत्र मूलला बापूरावांना वाचून दाखवलं. तेव्हापासून बापूराव पाहुण्यांना सांगतात, "हे आमचे मोठे जवाई. खुशालरावांच्या हाताखाली असतात."